हवं की लागतं

जगात सगळ्यांना सगळं पुरेल इतकं झालं, तेव्हा लोक म्हणाले, चला, राजकारण संपलं. भाबडी माणसं! भांडण काय फक्त रिकाम्या पोटी सुचतं? भरल्या पोटी तर ते जास्त रंगतं. धान्य, कपडे, औषधं, डोक्यावर छप्पर, मागाल ते आणि मागाल तितकं मिळू लागलं हे खरं. पण सकाळचं कोवळं ऊन ज्याच्यावर पडतं ते चौकातलं बाकडं एकच होतं. मोठ्या झाडाखालची जागा एकच होती. गाण्याच्या बैठकीत पहिली रांग एकच असते, मग जग कितीही श्रीमंत होवो. अशा गोष्टींना लोक ‘एकुलत्या’ म्हणू लागले, आणि महिन्यातून एकदा सभागृहात एकुलत्यांवरून अशी जुंपायची की जुन्या पुढाऱ्यांनी तोंडात बोटं घालावीत.

चौकाच्या कोपऱ्यावर, पावाच्या भट्टीच्या वर, एक खोली होती. तीही एकुलती. तिला मोठी खिडकी होती, खिडकीत दिवसभर सारखा उजेड असायचा, आणि समोरच गाडीचा थांबा होता. गेली चौदा वर्षं त्या खिडकीत मान खाली घालून बसलेली असायची रफूवाली. तिला सगळे ताई म्हणत.

आता तुम्ही विचाराल, कपाटाचं दार उघडलं की नवा सदरा मिळतो, तिथे रफू कशाला? तर बापाचा सदरा जिथे विटलेला असतो तिथे नवा सदरा विटलेला नसतो, म्हणून. लोक तिच्याकडे मेलेल्यांचे, रुसलेल्यांचे, दूर गेलेल्यांचे कपडे आणत. ती त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून एकेक धागा काढायची आणि त्याच धाग्यानं भोक असं विणून टाकायची की बोट फिरवलं तरी कळू नये. बाहेरचा दोरा तिला चालत नसे. “परका दोरा धुतला की चुगली करतो,” असं ती म्हणायची.

तिच्या खुर्चीमागच्या खुंटीवर एक निळा लोकरीचा कोट टांगलेला होता. उजव्या बाहीवर शेगडीनं जळल्याचं भोक. एकेकाळी ते तळहाताएवढं होतं, आता बोटाच्या टोकाएवढं उरलं होतं. तेवढं मात्र ताई बुजवत नव्हती. बुजवलं तर मग काय करायचं, हा प्रश्न होता.

कोट लेकीचा होता. तेरा वर्षांपूर्वी लेकीनं तो तीनदा आईसमोर आणून ठेवला आणि तीनदा ताईनं “ठेव तिथे, बघते” म्हणून बाजूला सारला. तेव्हा तिच्या हाताचं नाव झालं होतं. परगावाहून लोक यायचे. चौथ्यांदा लेक आली ती कोट घ्यायला.

“तुला मी हवी असते गं,” ती म्हणाली. “पण लागत कधीच नाही.”

ताईला राग आला. कामात असताना तिला राग लवकर यायचा. “बरोबर आहे,” ती म्हणाली. “तुझ्यावाचून माझं काही अडत नाही.”

साधं वाक्य. घराघरात दिवसातून दहादा म्हटलं जातं. पण ज्या जगात कुणाचंच कुणावाचून काही अडत नाही, तिथे ते फार खरं ठरतं. लेकीनं कोट खुर्चीवर ठेवला आणि त्या गारठलेल्या सकाळी पातळ सदऱ्यावर गाडीत बसून गेली. ताई खिडकीतून बघत होती. हाक तिच्या गळ्यापर्यंत आली होती. तिथून पुढे ती आली नाही.

आठवड्यानं कळलं, लेकीनं अबोल्याच्या वहीत नाव घातलं. हा हक्क सगळ्यांना होता. वहीत नाव घातलं की तुम्हाला कुणाचं पत्र येत नाही, निरोप येत नाही, तुम्ही कुठे आहात हे कुणी सांगत नाही. कायदा चांगलाच होता. छळणाऱ्यांपासून सुटका व्हावी म्हणून केलेला. आपलं नाव छळणाऱ्यांच्या यादीत जाऊन बसलं, हे ताईला रोज नव्यानं लागायचं.

आणि आता खोलीची मुदत संपत आली होती. सात-सात वर्षांच्या दोन मुदती झाल्या होत्या. तिसऱ्यांदा खोली मागायची तर सभेसमोर उभं राहायला लागणार होतं, आणि या वेळी समोर दुसरा अर्ज होता. नळवाल्या भाऊंचा.

भाऊंनी पंचाहत्तरी ओलांडली होती. पाण्याची टंचाई होती त्या काळात ते या भागाचे निवडून आलेले सदस्य होते. गल्लोगल्ली नळ आणला तो त्यांनी. पहाटेपासून त्यांच्या दारात घागरी घेऊन रांग लागायची आणि भाऊ दारात उभे राहून ओरडायचे, “ओळीनं या, सगळ्यांना मिळेल!” सगळ्यांना काही मिळायचं नाही, पण ऐकायला बरं वाटायचं. आता घरोघरी पाणी धो धो वाहत होतं आणि भाऊंना कुणी नमस्कारसुद्धा आठवणीनं करत नव्हतं.

अर्ज लावल्याच्या दुसऱ्या दिवशी ते स्वतः जिना चढून ताईकडे आले. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, हातात भट्टीतला गरम पाव.

“शत्रूच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये,” ते म्हणाले.

“भाऊ, तुम्हाला काय कमी आहे? नदीकाठची मोठी जागा सोडून इथे कुठे येता?”

“नदीकाठी कोण येतं, ताई? इथे चौक आहे. जिना रस्त्यावरून सरळ वर येतो. माणसाला काही सांगावंसं वाटलं तर दोन पायऱ्यांत माझ्या दारात.” त्यांनी पाव ताईच्या हातात दिला. “तेव्हा लोक मला शिव्या घालायचे. पण घालायला यायचे.”

ताईला हसू आलं आणि लगेच वाईट वाटलं. भाऊंची नजर खुंटीवरच्या कोटावर गेली, तिथे जरा रेंगाळली, आणि ते निघून गेले.

मग सुरू झाली मतं मागायची धामधूम. पूर्वी म्हणे मतासाठी लोकांना काहीबाही वाटावं लागायचं. आता काय वाटणार? सगळ्यांकडे सगळं. एकच गोष्ट अशी होती जी कपाटातून काढता येत नव्हती: समोर बसून ऐकणारं माणूस. त्यामुळे प्रत्येकाच्या घरी जायचं, बसायचं आणि ऐकायचं. भाऊ यात पट्टीचे होते. कुणाच्या गुडघ्याचं कसं आहे, कुणाच्या सुनेचं चित्र कुठे लागलंय, सगळं तोंडपाठ. एका निवृत्त गणितमास्तरांनी त्यांना सलग तीन दुपारी आपली स्वप्नं सांगितली, तर भाऊंनी चौथ्या दुपारी जाऊन विचारलं, “मग त्या घोड्याचं पुढे काय झालं?” मास्तरांचं मत खिशात.

ताईला हे जमेना. मागणं तिच्या रक्तातच नव्हतं. ती जायची, खुर्चीच्या काठावर बसायची, समोरच्याच्या बाहीचा उसवलेला टाका बघत राहायची आणि शेवटी “बरं, येते” म्हणून उठायची. एकदा तर मत मागायचं राहिलं आणि सदरा घेऊन आली दुरुस्तीला. भट्टीवालीनं कपाळावर हात मारला. भट्टीवाली म्हणजे खालची शेजारीण, ताईची एकुलती प्रचारक.

“अहो ताई, तोंड उघडा की जरा! हिशेबानं भाऊंकडे नव्वद हात आहेत. तुमच्याकडे चाळीस, त्यातले दोन माझे.”

“दोन कसे?”

“दोन्ही वर करीन मी. मोजणारा कंटाळलेला असतो.”

ताई हसली नाही. ती खिडकीतून थांब्याकडे बघत होती. दर गाडीला ती मान वर करायची, तेरा वर्षं. भट्टीवालीला ते माहीत होतं, म्हणून तीही खाली बघू लागली. गाडीतून दोन म्हातारे उतरले आणि गाडी गेली.

“एक मार्ग आहे,” भट्टीवाली हळूच म्हणाली. “‘लागतं’ म्हणा.”

आता हे ‘लागतं’ प्रकरण सांगायला हवं. सभेत अर्जदार उभा राहिला की चिटणीसबाई एकच प्रश्न विचारायच्या: हवं की लागतं? ‘हवं’ म्हटलं की हात वर करून मतं. ‘लागतं’ म्हटलं की मतं नाहीत. सभेनं तीन प्रश्न विचारायचे, अर्जदारानं तीन खरी उत्तरं द्यायची, आणि पटलं तर वस्तू मिळालीच. नाही पटलं तर सात वर्षं सभेकडे काही मागायचं नाही. शिवाय ‘लागतं’ची नोंद गावोगावच्या सगळ्या फळ्यांवर डकवली जायची. सगळं पुरवायचा शब्द दिलेल्या जगात कुणाला अजून काही लागतंय, ही सगळ्यांची लाज, म्हणून सगळ्यांनी वाचायची. थांब्यावरच्या फळ्यावर डाव्या बाजूला त्यासाठी लाल चौकट आखलेली होती. अकरा वर्षं ती रिकामी होती. एका कोळ्यानं तिथे संसार थाटला होता. लोक चौकात उघडे उभे राहतील, पण ‘लागतं’ म्हणणार नाहीत, अशी स्थिती.

“मेले तरी म्हणणार नाही,” ताई म्हणाली.

सभेच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. आधी झाडाखालच्या जागेवरून अर्धा तास वाद झाला, त्यात एकानं दुसऱ्याला ‘सावलीचोर’ म्हटलं आणि सभेनं त्याला तो शब्द मागे घ्यायला लावला. मग खोलीचा विषय आला. भाऊ उठले. “हवं,” ते खणखणीत म्हणाले, आणि सभागृहात सगळीकडून माना हलल्या. हात मोजायचीही गरज नव्हती.

मग चिटणीसबाईंनी ताईकडे बघितलं. “हवं की लागतं?”

ताई उठली. ‘हवं’ हा शब्द तिनं घरून तयार करून आणला होता. पण तो उच्चारायला तोंड उघडलं आणि तिला लेक दिसली, पातळ सदऱ्यात, दंड चोळत गाडीची वाट बघणारी. हवी असते गं. लागत कधीच नाही.

“लागते,” ती म्हणाली. “खोली लागते मला.”

कुणाचा तरी चष्मा खाली पडला तो आवाज सगळ्यांना ऐकू आला. चिटणीसबाईंनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं, आणि आवाज शक्य तितका नेहमीसारखा ठेवत म्हणाल्या, “पहिला प्रश्न.”

गणितमास्तर उठले. “कशासाठी लागते?”

“माझं एक माणूस गेलंय. ते परत आलं तर त्या थांब्यावर उतरेल. वर बघेल. मी खिडकीत मान खाली घालून बसलेली दिसले तर जिना चढेल. दुसरं कुणी दिसलं तर त्याच गाडीनं मागे जाईल.”

“दुसरा प्रश्न.”

मागून एक तरुण बाई उठली. तिच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता. “पण ताई, तुमचा नवा पत्ता तर कुणीही सांगेल. त्यांनी नुसतं विचारायचं.”

“ती विचारणार नाही,” ताई म्हणाली. “विचारणं, मागणं तिला येत नाही. माझ्यावर गेलीय. मला आज अठ्ठावन्नाव्या वर्षी जमतंय, तेही बघताय कसं ते.”

कुणी हसलं नाही. सभा पटलेल्या चेहऱ्यानं बसली होती. अजून एक सोपा प्रश्न आला की खोली ताईची, हे उघड होतं. तेवढ्यात भाऊ उठले. भट्टीवालीनं दात-ओठ खाल्ले.

“तिसरा प्रश्न माझा,” भाऊ म्हणाले. “ताई, नीट विचार करून सांगा. खोली लागते की लेक?”

ताईच्या सगळं लक्षात आलं. खोली म्हटलं तर खोली मिळेल. लेक म्हटलं तर अर्ज फुकट, कारण लेक देणं काही सभेच्या हातात नाही. डाव होता. सरळ, उघडा डाव. खोटं बोलायचं ते एका शब्दाचं, आणि तेही पूर्ण खोटं नव्हे. पण तेरा वर्षांपूर्वी असंच एक वाक्य तिच्या तोंडून गेलं होतं.

“लेक,” ती म्हणाली. “मला माझी लेक लागते. तिच्यावाचून माझं अडतं. रोज अडतं.” आणि ती खाली बसली.

खोली भाऊंना मिळाली.

दुसऱ्या दिवशी ताई सुया, कात्र्या, भिंग आणि कोट टोपलीत भरत असताना भाऊ दारात येऊन उभे राहिले. तिनं वर बघितलं नाही.

“या. मालक आलात. पाव नाही आणला आज?”

“ताई, अबोल्याला काय काय चालत नाही?”

“माझी परीक्षा घेऊ नका भाऊ. पत्र नाही, निरोप नाही, पत्ता नाही.”

“आणि फळा?”

ताईचा हात थांबला.

“फळ्याबद्दल कायद्यात एक अक्षर नाही,” भाऊ म्हणाले. “मी चाळीस वर्षं नियम वाचलेत. वाचलेत म्हणजे काय, वाकवलेत. खोलीची नोंद झाली असती तर गावोगावच्या फळ्यांवर काय लागलं असतं? ‘एका बाईला खिडकीची खोली लागते.’ ते वाचून कोण थांबणार? आता बघा, ‘एका आईला तिची लेक लागते.’”

ताई खिडकीशी गेली. खाली थांब्यावर लाल चौकटीत पांढरा कागद होता. कोळ्याचं घर मोडलं होतं. सात-आठ माणसं वाचत उभी होती आणि गाडी आली तरी चढत नव्हती.

“म्हणजे तुम्ही हे माझ्यासाठी केलंत?”

“छे! खोली मला हवीच होती.” भाऊ जरा दुखावल्यासारखे झाले. “दोन्ही केलं. मी राजकारणी आहे, साधू नव्हे. आणि ती टोपली ठेवा खाली. खोली माझी, खिडकी तुमची. मला खिडकीशी काय करायचंय? मला दार पाहिजे.”

तेव्हापासून त्या खोलीत दोन खुर्च्या झाल्या. एक खिडकीकडे तोंड करून, एक दाराकडे. दोघं एकमेकांकडे पाठ करून दिवसभर वाट बघायची. तिच्या गाडीतून कुणी उतरायचं नाही, त्यांच्या जिन्यावर कुणी चढायचं नाही. मतं दिली होती लोकांनी, पण मतं देणं वेगळं आणि गाऱ्हाणं घेऊन येणं वेगळं. गाऱ्हाणंच नव्हतं कुणाकडे. कधी पाऊल वाजलं की भाऊ सदरा सारखा करायचे, आणि भट्टीवाली पाव ठेवून निघून जायची.

“आलं का कुणी?” ताई मागे न वळता विचारायची.

“नाही. तुमचं?”

“नाही.”

असे पाच महिने गेले. गारठा सुरू झाला. ताईला रोज वाटायचं, लेकीकडे कोट असेल ना? कपाटं सगळीकडे आहेत, दहा कोट काढून घेतले असतील. हे कळत असूनही वाटायचं.

मग एका सोमवारी सकाळी फळ्यांवर कागद डकवणारा फळेवाला खळ घेऊन आला, आणि उजव्या बाजूचे नेहमीचे कागद लावून झाल्यावर त्यानं डाव्या चौकटीत एक कागद चिकटवला. ताईनं ते वरून पाहिलं. तिनं भिंग हातात तसंच धरलं आणि घरातल्या सपातांवर जिना उतरली.

नोंद कुठल्या तरी लांबच्या गावच्या सभेची होती. नाव नव्हतं, गावही झाकलेलं होतं. नेहमीच्या सरकारी अक्षरात लिहिलं होतं:

‘मागणी: एक निळा लोकरीचा कोट. उजव्या बाहीवर जळल्याचं भोक. नवा नको, तोच. हवा की लागतो? लागतो.

पहिला प्रश्न: कोट कुठे आहे? उत्तर: आईकडे.

दुसरा प्रश्न: मग तिच्याकडेच का मागत नाही? उत्तर: मागतेच आहे.

तिसरा प्रश्न: कुठे पाठवायचा? उत्तर: पाठवू नका. मी येऊन नेईन.’

कधी, ते कुणी विचारलं नव्हतं. तीनच प्रश्नांचा नियम. ताईनं कागद चारदा वाचला, मग त्या ‘मागतेच आहे’वर बोट ठेवलं. खळ अजून ओली होती.

वर येऊन तिनं खुंटीवरून कोट काढला, मांडीवर घेतला आणि आतल्या दुमडीतून धागा ओढला. दुमडीत आता दोन-तीनच धागे उरले होते, पण बोटाच्या टोकाएवढ्या भोकाला ते पुरणार होते. पुरवूनच ठेवले होते तिनं. पण सुईत धागा जाईना. डोळ्यांना नुसत्या धारा लागल्या होत्या. एकदा गेला तो नेढ्याच्या बाजूनं, दोनदा खाली पडला.

“भाऊ, जरा ओवून देता?”

भाऊंनी सुई घेतली. पण त्यांचे डोळे तिच्यापेक्षा जास्त वाहत होते, कारण ताई जिना उतरली तेव्हा तिच्या मागोमाग तेही उतरले होते आणि तिच्या खांद्यावरून त्यांनी सगळं वाचलं होतं. “हे माझ्याच्यानं होत नाही,” ते म्हणाले.

तेव्हा ताईनं खिडकी पूर्ण उघडली. ज्या खिडकीतून तेरा वर्षांपूर्वी तिला हाक मारता आली नव्हती, तिच्यातून बाहेर वाकून ती भर चौकात ओरडली, “अहो, कुणीतरी वर या! सुई ओवायला माणूस लागतंय!”

चौक थांबला. आधी भट्टीवाली पिठाच्या हातांनी धावली. तिच्यामागे गणितमास्तर, मग ती प्रश्न विचारणारी तरुण बाई, मग बाकड्यावरचे, झाडाखालचे, फळेवाला खळीच्या डब्यासकट. जिना पावलांनी भरून गेला. भाऊंचा क्षणभर कानांवर विश्वास बसेना. मग ते उठले, सदरा सारखा केला आणि दारात जाऊन उभे राहिले.

“ओळीनं या,” ते ओरडले. “ओळीनं. सगळ्यांना मिळेल.”

भट्टीवालीनं सुई ओवून दिली, थोडं पीठ धाग्याला लागलं ते ताईनं पुसून टाकलं. लोक भिंतीला टेकून, पायरीवर, जागा मिळेल तिथे बसले आणि बघत राहिले. ताईनं पहिला धागा आडवा घातला, दुसरा उभा. खाली थांब्यावर गाडी येऊन थांबल्याचा आवाज आला. या वेळी तिनं मान वर केली नाही. खालून कुणी बघितलंच, तर ताई खिडकीत मान खाली घालून बसलेलीच दिसायला हवी होती.